ओढणीची गाठ

मांडवी, मंगळवार संध्याकाळ

कुकर होईपर्यंत लिहून टाकते.

सकाळी ऑफिसात पोचले तर ओढणीच्या टोकाला घट्ट गाठ. मी मारलेली नव्हती. म्हणजे माझ्या लेकीने, मुक्ताने. मी तिची वेणी घालत होते तेव्हा पुढ्यात बसून मारली असणार. आमची मासेवाली मावशी कुणाची सुरमई विसरू नये म्हणून पदराला गाठ मारते, ते या पोरीने बघितलेलं. पण मी काय विसरले होते?

फोनात माझे नऊ अलार्म आहेत. डबा, रिक्षा, मीटिंग, लाइटबिलसुद्धा. एकही त्या गाठीशी जुळेना. शेवटी शाळेत फोन केला. डबा होता, वह्या होत्या. दुपारी ऑफिसच्या कामासाठी हातखंब्याला गेले, तरी बोटं गाठीवरच.

घरी आल्या आल्या विचारलं, "कशाची गं गाठ?"

"कशाची नाय. पण दिवसभर माझी आठवण येत होती ना?"

येत होती. दिवसभर.

सात वर्षांची आहे. हे हिला सुचलं कसं?

अलार्म वाजला की मी तो बंद करते आणि विसरते. ही गाठ मात्र अजून सोडवत नाहीये.