शेवटच्या कडव्यातलं नाव

आप्पा,
शिरूरहून दौंडपर्यंत हात पुरत न्हाई, म्हणून इथूनच तुमच्या पाया पडतो.

बारा वर्सांमागं भांडून तुमचा फड सोडला, ते ध्यानात असंलच. शागिर्दानं कवनाच्या शेवटच्या कडव्यात उस्तादाचं नाव घालायचं, स्वतःचं घालायचं ते उस्तादानं परवानगी दिल्यावरच. तुम्ही ती दिली न्हाई, आन् माझं रगत गरम. डफ खुंटीला टांगला आन् सणसवाडीच्या कंपनीत लागलो.

काल गावच्या जत्रेत मी रचलेलं कवन गायलो. कंपनीची बस, सकाळची शिफ्ट, शेजारच्या खोलीतल्या बिहारी पोरांची लिट्टी, सगळं आजचं. शेवटी 'सोपान गातो' असंच पाठ केलं हुतं. पण डफावर थाप पडली आन् तोंडातून तुमचंच नाव निघालं, 'शाहीर केरबा गातो'.

म्होरं बसलेले किसनमामा डोळं पुसत म्हणाले, "केरबाचं लई जुनं कवन हाय हे. ल्हानपणी ऐकलंय मी."

अवो, त्यांच्या ल्हानपणी कंपनीची बस कुठली? पण खुलासा कशाला करू? कालचं माझं कवन मामांना ल्हानपणापासून ओळखीचं वाटलं. आणखी काय पायजे?

हे पत्र मात्र धाडणार न्हाई. तुम्ही वाचाल, खूश व्हाल, परवानगी देऊन टाकाल, आन् मग पुढच्या जत्रेत मला माझंच नाव घ्यावं लागंल.

तुमचा, अजून शागीर्दच,
सोपान