दोराला हात लावेल त्याचा वाटा

पडुबंदर,
चैत्र वद्य पंचमी

चिरंजीव बेर्मूस अक्काचा पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे धडधाकट आहोत. आपल्या आईचे, अप्पेचे, गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जोरात चालतं, तेव्हा तिची काळजी करू नकोस. अक्षर अनंतभटांचं आहे, बोलणं माझं. मध्येच कुठे शुद्ध काही दिसलं तर ते भटांचं, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू बसरूरला मिठाच्या वखारीत दडून बसलायस, हे होडीवाल्याने सांगितलं. तू घरी यावंस म्हणूनच हे पत्र. पण आधी गावची मजा ऐक.

राणीच्या तांदळाच्या होड्यांनी फिरंग्यांचा परवाना घ्यावा, नाहीतर बुडवू, असा त्यांचा निरोप आला होता. राणी मल्लकादेवीने उलट कळवलं, "माझ्या अंगणात फिरायला मी शेजाऱ्याला विचारत नाही." झालं! त्यांची दोन गलबतं चालून आली. पण राणीने आधीच गावातली रापणीची झाडून सगळी जाळी एकाला एक जोडून घेतली होती. बोटं सोलेपर्यंत शिवत होतो आम्ही बायका. ते जाळं खाडीच्या तोंडाशी सोडलं, दोराची टोकं दोन्ही काठांवर, आणि अख्खं गाव दोराला. पुढचं गलबत भरतीबरोबर आत शिरलं आणि त्याची वल्ही जाळ्यात अडकली. राणीने स्वतः पदर खोचला, दोर धरला आणि आरोळी दिली, "ओढाऽऽ!" काय सांगू बेर्मू, कासरा खेचल्यावर ओढाळ बैल वळतो ना, तसं ते धूड वळलं आणि सरळ वाळूच्या दांड्यावर चढलं! मागचं गलबत शेपूट घालून पळालं.

आपलं कुणी दगावलं नाही. सेसप्पामामाची मात्र तोफेच्या जाळाने एका बाजूची मिशी गेली. दुसरी उतरवायला तयार नाही. म्हणतो, लढाईची खूण आहे.

जाळ्यात गलबताबरोबर बांगडाही आला, आणि मग वाटपावरून जुंपली. शेवटी ठरलं, तोफा राणीच्या, बाकी सगळं दोर ओढणाऱ्यांचं. भटांनीही ओढला होता. बांगडा चालत नाही म्हणून शिडाचं कापड घेऊन गेले. तेवढ्यात गलबतावरचा एक फिरंगी आचारी भिजलेल्या कोंबड्यासारखा पुढे आला. बुडता बुडता दोर धरून काठाला लागला होता. खुणा करून म्हणतो कसा, मीही ओढलाय! लोक हसून हसून वाळूत लोळले. पण रापणीचा रिवाज तो रिवाज. दोराला हात लावेल त्याचा वाटा, मग वाटसरू असो की वैरी. राणीने त्याला टोपलीभर बांगडे दिले. आता तो आपल्याच चुलीपाशी असतो. अप्पे ओरडते, "मेल्या, आधी आमसूल घाल!" आणि तो मान डोलावून लिंबूच पिळतो.

आता तुझं.

बेर्मू, मी तुला पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मामाने होडी दिली नाही म्हणून रुसून गेलास ते ठीक, पण फिरंग्यांच्या सुकाणूवर? गलबत टेकलं तशी तू उडी टाकलीस, कमरेभर पाण्यात दोर धरलास आणि आमच्या बरोबरीने काठाकडे ओढलास. मग मामाची नजर पडली आणि पळालास. लोक म्हणाले, "खाडीची वाट ह्यानेच दाखवली. सापडू दे, तंगडी तोडतो."

मी दरबारात गेले. म्हटलं, "बाईसाहेब, परक्या आचाऱ्याला टोपली आणि घरच्या पोराला कुऱ्हाड, हा कुठला न्याय?"

राणी म्हणाली, "दुग्गे, आचारी चुलीवर होता. तुझा भाऊ सुकाणूवर होता."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणून तर गलबत वाळूवर चढलं! अर्धं आम्ही ओढलं, अर्धं त्याने मुद्दाम घातलं!"

मामाची उरलेली मिशी थरथरली. राणी म्हणाली, "शपथ घेतेस?" घेतली. "गहाण काय?" म्हटलं, "दोरावरची आमच्या घराची जागा." तेव्हा तिने निवाडा दिला. पावसाने दर्या बंद व्हायच्या आत तू यायचंस, स्वतःच्या तोंडाने हे सांगायचंस आणि वाटा न्यायचास. नाही आलास, तर तू फिरंग्यांचा, आणि आपली जागा गेली, रापणीतला वाटाही गेला. जागा गेली तर खायचं काय, हे तुला मी सांगायला नको.

बेर्मू, तू ते मुद्दाम केलंस की नाही, मला ठाऊक नाही. मी पाहिला तो फक्त दोरावरचा तुझा हात. पण तेवढ्यावर मी शपथ घेतली, आणि पुन्हा सांगितली तर पुन्हा घेईन, कारण तुझ्याशिवाय घर खायला उठतं रे.

भटांनी लेखणी थांबवली आहे आणि डोळे वटारले आहेत. लिहा म्हटलं, भटजी, वाट्याचं शिडाचं कापड अंगावर आहे तुमच्या!

खरं असेल तर ताठ मानेने ये. खोटं असेल तर त्याहून लवकर ये, म्हणजे राणीपुढे जाण्याआधी दोघांनी काय बोलायचं ते ठरवून घेता येईल.

देवाची शपथ घेऊन भर दरबारात खोटं बोललेली, किंवा खरं, ते तूच येऊन सांग,

तुझी अक्का,
दुग्गी