सकाळचं अस्वल आणि संध्याकाळचं अस्वल

तीर्थरूप मामा,

खुर्चीतून न उठता घातलेला साष्टांग नमस्कार गोड मानून घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? मामीचा आवाज नेहमीसारखा खणखणीत असेलच.

मी प्राणिसंग्रहालयाच्या कचेरीत प्रोग्रामर म्हणून चिकटले, हे आईनं कळवलं असेल. (ती सगळ्यांना ‘प्राण्यांची डॉक्टर’ सांगते. असू द्या.) पहिलं काम सोपं दिसत होतं. कुठल्या नंबरच्या पिंजऱ्यात कोण राहतं, अशा जोड्या संगणकात असतात. त्या सगळ्या गठ्ठ्याला आम्ही मॅप म्हणतो. राखणदार फेरी मारून एक मॅप सकाळी भरतो, एक संध्याकाळी. दोन्ही सारखे निघाले तर सगळे घरी जातात. नाही निघाले तर कुणीतरी निसटलंय असं समजून भोंगा वाजतो आणि फाटकं आपोआप बंद होतात.

मी दोन मॅपच्या मध्ये बरोबरची दुहेरी खूण टाकली आणि चहाला गेले. आमच्या त्या संगणकी भाषेत ही खूण एवढंच विचारते, की या दोन वेगळ्या वस्तू आहेत की एकच. आत काय आहे ते ती उघडून बघतच नाही. सकाळचा मॅप वेगळा, संध्याकाळचा वेगळा. झालं, सगळे प्राणी जागच्या जागी असताना भोंगा सुरू. नेमके तेव्हा संचालकांचे सासरे पाहुणे म्हणून आले होते. घाबरून ते समोर दिसेल त्या दारात शिरले. ते दार शहामृगाचं होतं.

“निसटलं कोण?” संचालकांनी विचारलं.

“कुणीच नाही,” मी म्हटलं.

“मग आमचे सासरे आत काय करतायत?”

(टोपी शोधत होते. ती शहामृगानं गिळली होती.)

दुसऱ्या दिवशी मी धसका घेऊन नुसत्या जोड्या मोजल्या. आकडा जुळला, म्हणजे सगळं ठीक. त्याच दिवशी झाडलोटीच्या गडबडीत माकड मोराकडे गेलं आणि मोर माकडांकडे. भोंगा गप्प. मोर मात्र गप्प नव्हता, आणि तो परत मिळाला तेव्हा त्याच्याकडे पिसारा म्हणण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

मग मी नीट बसून लिहिलं: एकेक नंबर घ्यायचा, तो दुसऱ्या मॅपमध्ये शोधायचा आणि तिथे तोच प्राणी आहे का ते बघायचं. पण ‘तोच’ म्हणजे काय, हे प्रोग्रामला आपणच सांगावं लागतं. मी नाव, वय, वजन सगळं जुळवायला लावलं. अस्वल सकाळी उपाशी होतं, संध्याकाळी जेवलेलं. प्रोग्राम म्हणाला, हे ते अस्वल नव्हे. पुन्हा भोंगा.

संचालक शांतपणे म्हणाले, “बाई, जेवल्यावर तुम्ही दुसऱ्या कुणी होता का? आता एकदा जरी उगाच भोंगा वाजला, तर या खुर्चीत खरंच दुसरं कुणीतरी असेल.”

तेव्हापासून मी फक्त प्रत्येक प्राण्याच्या पायात असतं त्या ओळखीच्या कड्याचा नंबर जुळवते. कड्याचा नंबर तोच, तर प्राणी तोच. मग तो जेवो, वाळो की म्हातारा होवो. भोंगा गप्प आहे, संचालक हसून बोलतात. शुक्रवारी तपासणी झाली की मी कायम होणार. इकडची काळजी नसावी.

तुमची भाची

ता. क. काळजी थोडी करायला हरकत नाही. आमचा पोपट काल पायातलं कडं काढून उडून गेला. कडं पिंजऱ्यातच पडलंय, राखणदार तेच वाचून नंबर भरतो (मान वर करायची त्याला सवय नाही), आणि माझ्या प्रोग्रामच्या मते पोपट घरीच आहे. तपासनीस मात्र डोळ्यांनी बघतात म्हणे. तुमचाही पोपट हिरवाच आहे. त्याला हे कडं घातलं की माझ्या व्याख्येप्रमाणे तो आमचाच. शुक्रवारपुरता पाठवाल का?

आणखी एक ता. क. तो आल्यागेल्याला काय काय बोलतो ते मला ठाऊक आहे. प्रोग्राम भाषा तपासत नाही. मामीला इतक्यात सांगू नका. पिंजऱ्यात एखादं कबूतर ठेवून वर फडकं टाका. शिव्या तेवढ्या तुम्हालाच द्याव्या लागतील.