आधी बोलायचं नाही

४ डिसेंबर २००८
पलवशाचा मिस्ड कॉल. एक रिंग आणि कट, म्हणजे घरात पुरुष नाहीत, करा फोन. अर्धा चहा तसाच टाकून कॉलिंग कार्ड घेऊन बसले.
आज वर्गसमीकरणं. पोरगी हुशार आहे बाप्पा! कुजबुजूनच बोलते. पायरी लिहून झाली की तेवढंही नाही, रिसीव्हरवर पेन्सिलीनं टक् करते. मग मी पुढची सांगते. पाकिस्तानात, स्वातमधल्या कुठल्यातरी घरात कोपऱ्यात बसून ती टक् करते आणि मला इथे लंडनला, इल्फर्डमध्ये ऐकू येतं. नागपूरला दहावीला शिकवताना चाळीस पोरी समोर असायच्या, पण इतकं कान देऊन मी कुणाचं ऐकलं नाही.
मग कामावर. मी बीन्स वाढते, शेजारी झरमीना कस्टर्ड. शाळेच्या डिनर लेडीज आम्ही दोघी. पलवशा तिच्या बहिणीची मुलगी. तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाई यायच्या बंद झाल्या तेव्हा, दोन महिन्यांपूर्वी, बीन्सच्या पातेल्यावर झरमीना रडली होती, “बच्ची का मॅथ्स रह जाएगा.” मी म्हटलं, रडतेस काय, नंबर दे.

१६ डिसें.
तिकडे रेडिओवर सांगून टाकलं. जानेवारीच्या मध्यापासून मुलींच्या शाळा बंद. तालिबानचे काळे फेटेवाले रोज संध्याकाळी नावं वाचतात म्हणे. अमक्याच्या मुलीनं शाळा सोडली, मुबारक. तमक्याची अजून जाते, बघून घेऊ. पलवशाचं नाव अजून आलेलं नाही. तिचा चाचा त्याच घरात राहतो आणि त्या लोकांत ऊठबस करतो. रोज जेवताना तिच्या वडिलांना टोचतो, आपलं नाव मुबारकमध्ये कधी यायचं?
मिलिंदला सांगितलं. म्हणाला, “मुंबईत आत्ताच एवढं झालंय आणि तू रोज पाकिस्तानात फोन लावतेस? आपण व्हिसावर आहोत गं.”
व्हिसा गेला खड्ड्यात, असं म्हणाले. म्हणायला नको होतं. जेवलाच नाही नीट.

२९ डिसें.
सईला सुट्टी. होमवर्क काढ म्हटलं तर म्हणते, “आई, मला मॅथ्स नाही आवडतो.” तेरा वर्षांची घोडी. खोली गरम, पोट भरलेलं. फाडकन एक ठेवून द्यावीशी वाटली. तिला काय ठाऊक? आणि ठाऊक असावं तरी का? नंतर तिच्या केसांना तेल लावून दिलं.
पलवशा आता युनिफॉर्म घालत नाही. घरचे साधे कपडे, वरून मोठी चादर, पुस्तकं चादरीच्या आत पोटाशी. बाजारात बायकांना बंदी, तर तिच्या आईला सुईदोरासुद्धा नवऱ्याकडून मागवावा लागतो. शेजारच्या गावातली शाळा उडवली. आवाजानं पलवशाच्या घरच्या खिडक्या थरथरल्या.
म्हणाली, “मिस, फॅक्टर्स फिर से.”
मी सांगितले.

७ जाने. २००९
ठरलंय असं: मॅट्रिकच्या परीक्षेचं सेंटर पेशावरला घेतलंय. झरमीनाचा भाऊ तिथे असतो. मार्चमध्ये येऊन तिला घेऊन जाईल, परीक्षेला बसवेल, पास झाली की तिथेच कॉलेज. आणि नाही बसली तर? चाचाच्या मुलाशी निकाह. वडिलांनी चाचाला तसा शब्दच देऊन टाकलाय, परीक्षेपर्यंत थांब, नाही दिली तर तू म्हणशील तसं. सतरा वर्षांची आहे ती.
बाकीचे विषय ती स्वतः करते. गणित माझ्याकडे. देवा, एवढं निघू दे रे.

१४ जाने.
संक्रांत.
काय करून बसले मी. काय करून बसले.
सकाळपासून नागपूरला फोन. सासूबाई, मोठ्या नणंदबाई, काकू, सगळ्यांना ओळीनं. तेच कार्ड, तोच फोन, तेच शब्द. मधेच पलवशाची एक रिंग आली. काकूंचा फोन संपवला आणि त्याच हातानं तिचा लावला. उचलल्याचा आवाज आला आणि पलीकडून कोणी बोलायच्या आतच माझ्या तोंडून निघालं, “नमस्कार करते! तिळगूळ घ्या, गोड बोला!”
पुरुषाचा आवाज. “कौन?” मग जरा थांबून, “इंडिया से?”
कट केला. कट करून काय उपयोग! मी काकूंशी बोलत बसले तेवढ्यात चाचा घरी आलेला असणार. दुसऱ्या कुणी उचलला तर मुकाट ठेवून द्यायचा, हा नियम माझाच होता. उचलणाऱ्याचं ऐकून मग बोलावं, एवढं नाही जमलं मला. चाळीशी उलटलेली बाई मी, सण आला की नुसती पोपटासारखी बोलत सुटते.
वाटीत तिळगूळ तसाच आहे. सई विचारतेय, आई, तू का रडतेस.

१५ जाने.
झरमीनाला सांगितलं. किचनच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी. तिनं हातातला चमचा डब्यावर आपटला. “हिंदुस्तान की औरत! उस घर में! आपको पता है वो इसका क्या करेंगे?”
मी म्हटलं, मला मार. ती म्हणाली, मारून काय होणार आहे.
 मी मुलांना दोनदा बीन्स वाढले, एकाला नुसतीच प्लेट दिली.
आजपासून तिकडे शाळा बंद.

२३ जाने.
निरोप आला, झरमीनाच्या बहिणीनं कुणा शेजारणीच्या घरून फोन केला. चाचानं घर डोक्यावर घेतलं. जासूस, काफिर, काय वाटेल ते बोलला. वडील म्हणाले, राँग नंबर असेल. चाचाला अर्धवट पटलं, अर्धवट नाही. फोन आता त्याच्या खोलीत. तिला मारलं का, मी विचारलं. झरमीना कस्टर्ड ढवळत राहिली.
आता तिचं नाव लिहायचीही भीती वाटते. यापुढे नुसतं प.
झरमीना आज एवढंच म्हणाली, “अब कभी बात हुई तो आप पहले नहीं बोलेंगी. कोई भी उठाए. उधर भी यही कह दिया है.”
हो म्हटलं. जीभ कापून दे म्हणाली असती तरी दिली असती.

९ फेब्रु.
काही नाही.
बर्फ पडला होता, वितळून चिखल झालाय. सई आपणहून गणितं घेऊन आली. “आई, हे समजाव ना मला.” समजावलं. पायरी झाली की मी थांबायचे, टक् ऐकायला. ती म्हणाली, “का थांबतेस? पुढे बोल ना.”

२६ फेब्रु.
मिलिंद म्हणाला, “तू तुझ्याकडून केलंस तेवढं केलंस.” कसलं केलं? नाक खुपसलं आणि घात केला. मी त्या पोरीला शिकवायला घेतलं नसतं तर चार गणितं कमी आली असती, बास. मार तरी पडला नसता.
मग तोच म्हणाला, “नवीन कार्ड आणून ठेवलंय, ड्रॉवरमध्ये आहे.”  त्याच्या पानात जास्तीची पोळी वाढली.

११ मार्च
झरमीनाचा भाऊ पेशावरहून निघाला होता. रस्ता बंद, परत गेला. पुन्हा निघणार म्हणे. प. घरात आहे एवढं कळलं. पुस्तकं पिठाच्या पिंपात. अभ्यास करते का? झरमीना म्हणाली, “करती होगी.” मग हळूच, “आप दुआ करो.” जानेवारीनंतर पहिल्यांदा तिनं माझ्या हाताला हात लावला. कस्टर्डनं चिकट झालेला हात.

१९ मार्च

सकाळी फोन वाजला. एक रिंग, कट. नंबर अनोळखी, पण पाकिस्तानचा. झरमीनाला लावला, उचलेना. कार्ड खरडलं, आकडे दोनदा चुकले. लागला. उचलला.
कोणी बोललं नाही.
मीही नाही. ओठ दातांत धरले. पलीकडे श्वास. मागे कोंबडी, लांब कुठेतरी गाडीचा हॉर्न. श्वास पोरीचा की बाप्याचा, कसा ओळखायचा माणसानं? चाचा असेल तर एका शब्दात ती मेली. आणि तीच असेल तर ती गप्पच राहणार, तिलाही तेच सांगून ठेवलंय. आम्ही दोघी, असलो तर दोघी, तशाच.
मग टक् झालं. एकदाच. आणि लाइन गेली.
पेन्सिल? की रिसीव्हर ठेवला?
गणित वाचायला हवं होतं गं मी! नाव नाही, गाव नाही, नुसतं “एक्सचा वर्ग अधिक सहा एक्स”. चाचाला त्यातलं काय कळलं असतं? वेडं समजून ठेवला असता फोन. तिला कळलं असतं. आत्ता सुचतंय. तेव्हा का नाही सुचलं, माय?
कामावर गेले नाही. झरमीना दुपारी धावत आली. भाऊ तिथे पोचला का, तिलाही ठाऊक नाही. म्हणते, आता परत लावू नका, कुणाचा नंबर आहे ते कळू दे, आठवडाभरात बहिणीचा निरोप येईलच.
परीक्षा मंगळवारी आहे.