बावीस वर्षांचं नाक

४ जानेवारी, रविवार

बायको आपली उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. आजपासून दिवाणावर झोपणार म्हणे. कारण? बेडरूममध्ये वास येतो. कसला, ते सांगेना. फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, तुमच्या बाजूने येतो. माझ्या बाजूला खिडकी. खिडकीखाली गटार. विषय संपला. प्लंबरला फोन केला.

खरं तर गटाराचाही वास नाही. साबणाच्या कारखान्यात बावीस वर्षं वास तपासतोय मी. माझ्या नाकाने पास केल्याशिवाय एक वडी बाहेर पडत नाही. मला येत नाही म्हणजे नाही. प्लंबर फक्त हिच्या समाधानासाठी.

ठराव : आठ दिवसांत ही परत आपल्या खोलीत.

७ जानेवारी

प्लंबर आला, वाकला, गटार चकाचक आहे म्हणाला आणि गेला. आजकाल कुणाला काम करायलाच नको! ही म्हणाली, अहो, गटाराचा नाही हो, तुमचाच येतो. खालून. एवढं बोलून भांडी लावायला निघून गेली.

मोजे बदलले. बूट गच्चीत ठेवले.

हिने गजराचं घड्याळ दिवाणापाशी नेलं. तात्पुरतं.

११ जानेवारी, सकाळ

आठवडा झाला. मोज्यांचा काही उपयोग नाही. ही आज तिसऱ्यांदा बोलली, आणि जरा स्पष्टच. तुमच्या चड्ड्या मी धुते, मला कळतं, डॉक्टरांना दाखवून या, म्हणाली. मला हसूच आलं. दिवसातून दोनदा अंघोळ करणारा माणूस मी! तेही आमच्याच कारखान्याच्या साबणाने!

चाळिशी उलटली की बायकांचं नाक बिघडत असावं. बिचारी. रागवायचं नाही. शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करून दाखवायचं.

१२ जानेवारी, सायंकाळ

कारखान्यातून वास घ्यायच्या कागदी पट्ट्या आणल्या. सात पट्ट्या, सात वास. हिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि एकेक पट्टी नाकाखाली धरली. सातपैकी सात बरोबर. मग उगाच तक्रार नको म्हणून मीही बसलो. सातपैकी पाच. मला सर्दी होती.

हिने रुमालाची घडी घातली, कपाटात ठेवला. खेळ आवडला असावा.

१७ जानेवारी

तिथे थोडी लाली. थोडी खाज. पांढरट काहीतरी. या सगळ्याचा वासाशी संबंध नाही, निव्वळ योगायोग. तरी मेव्हण्याला फोन केला. त्याला जगातलं सगळं कळतं, निदान तो तसं सांगतो. माझ्या एका मित्राला त्रास आहे, म्हणालो. तो म्हणाला, त्या मित्राला सांगा, जंतुनाशक घ्या आणि सरळ बाटलीतून ओता. पाणीबिणी घालू नका. शेवटी म्हणाला, काळजी घ्या. मित्राची घ्या, असं म्हणायचं असेल.

१८ जानेवारी

ओतलं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. ही तळपायाची नव्हती. बाथरूमचं दार आतून धरून पंधरा मिनिटं उभा होतो. हिने बाहेरून विचारलं, काय झालं? गाणं म्हणतोय, म्हणालो.

२० जानेवारी

आता दवाखान्यासारखा वास येतो. हा मला स्वतःला येतो, म्हणजे नाक शाबूत आहे. उपाय माझ्या हातातलाच. लॅबमधून लव्हेंडरचा अर्क आणला, चार थेंब लावले. हा अर्क शंभरपट पातळ करूनच वापरायचा, असं बाटलीवर लिहिलंय. ती सूचना मीच लिहिली आहे. पण ती सामान्य लोकांसाठी.

२१ जानेवारी, दुपार, ऑफिस

मीटिंग उभ्याने केली. बॉस तीनदा बसा म्हणाले. बसलो असतो तर ओरडलो असतो. शेजारच्या टेबलावरची केमिस्ट म्हणाली, सर, लव्हेंडरची बॅच उघडी राहिलीय का? म्हणजे सुगंध टिकतोय. घरी जाताच वर टाल्कम पावडर मारायची, ओलावा शोषला जाईल.

२२ जानेवारी

पावडरचा लगदा झाला. अधिक लिहवत नाही.

हिने तिची पुस्तकं, पाण्याची बाटली आणि चष्मा बाहेर नेला. सुती चड्ड्यांचा नवा संच माझ्या कपाटात ठेवलेला दिसला. विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

२७ जानेवारी

डॉक्टर. माझ्या निम्म्या वयाचा. आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. शिश्नाची पुढची त्वचा मागे घेऊन धुता का, असं विचारलं. दार उघडं होतं. मी म्हणालो, मागे?

त्याने समजावून सांगितलं. रोज कोमट पाण्याने धुवायचं. त्वचा जेवढी सहज मागे जाईल तेवढीच घ्यायची, ओढाओढ नाही. पाणी पुरतं, साबण आत नको. हलक्या हाताने कोरडं करायचं आणि त्वचा परत पुढे आणायची. जंतुनाशक, अत्तर, पावडर बंद. चड्डी सुती, सैल, रोज बदललेली. बुरशी झालीय, त्यावर मलम. एवढंच. सत्तेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी सायकल शिकवली, टायची गाठ शिकवली, दाढी शिकवली. हे नाही. त्यांना तरी कुणी सांगितलं असेल?

मग म्हणाला, सारखा येणारा वास नाक थोड्या वेळाने कळवायचं बंद करतं, म्हणून स्वतःचा येत नाही. हे वाक्य नवीन माणसांना ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मी शिकवतो. गेली बावीस वर्षं.

निघताना रक्त तपासायला सांगितलं. अशी बुरशी कधीकधी साखरेमुळे होते म्हणे. मला साखर? हसलो.

२८ जानेवारी

साखर दुप्पट निघाली. हसलो नाही. गोळ्या सुरू.

८ फेब्रुवारी, रविवार

लाली गेली. खाज गेली. डॉक्टर म्हणाला, छान. रोज कोमट पाणी, तीन मिनिटं. हे एवढंसं होतं!

बेडरूमची चादर बदलली. तिची बाजू झटकली. आज सांगतो.

८ फेब्रुवारी, रात्र

सांगितलं. ही दिवाणावर बसून स्वेटर घडी करत होती. म्हणाली, हो, वास केव्हाच गेला, कपडे धुताना कळलं मला. बरं वाटलं. गोळ्या मात्र चुकवू नका.

मी म्हणालो, मग उशी नेऊ का आत?

ती म्हणाली, आता प्रश्न वासाचा नाही हो. माणसाच्या अंगाला वास येतो, त्यात काय. मी तुम्हाला तीनदा सांगितलं, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून माझी परीक्षा घेतलीत. चिडली नव्हती. चिडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मागची पानं काढून पाहिली. ४ तारीख. ७ तारीख. ११ तारीख. माझ्याच अक्षरात. तिन्ही वेळा सांगितलंय. फार वाईट वाटलं.

ठराव : माफी मागायची. एकदम नको, आधी वातावरण तयार करायचं. आठ दिवसांत.

रात्री वाचायला तिला माझ्या बाजूचा टेबललॅम्प हवा होता. दिवाणापाशी प्लग नाही. माळ्यावरून लांब वायर काढली आणि जोडून दिली.