फाट्यावरचं ‘हाय’

प्रिय सॅम्या,

तुझ्या मातीला हमसून रडलो होतो मी. आज भांडायला लिहितोय.

तुझ्या बहिणीनं, रूथनं, परवा तुझा अल्बम इंटरनेटवर टाकला. नऊ गाण्यांत एकच गोष्ट. पोरगी सोडून जाते, पोरगा काळोखात बुडतो. रॉक ऑपेरा! चर्चच्या पेटीवर शिकलेला तू, आणि हा असला कानठळ्या बसवणारा आकांत! अभिमानानं ऐकत होतो रे. शेवटच्या गाण्यात गिटार थांबली आणि माझाच आवाज आला.

“मी फाट्यावरच हाय. तू ये. मी हितंच हाय.”

गाढवा! जिच्यापायी कॉलेज सोडलं, जिच्या सांगण्यावरून सोनईच्या फाट्यावर दिवसभर उन्हात उभा राहिलो, तिच्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग ते. तिला पाठवायची हिंमत झाली नाही, म्हणून तुला पाठवलं. “ऐकून पुसून टाक,” म्हणालो. “येशूची शप्पथ, टाकलं,” म्हणालास. स्वतःच्या देवाची तरी खोटी शप्पथ घेऊ नये रे!

आणि लोक काय लिहितात माहितीये? “शेवटचं ते ‘हाय!’ काळीज चिरतं.” “काय उसासा आहे!” एकानं तर लिहिलंय, “नट भारी निवडलाय.” नट! अरे, ‘आहे’ला आमच्याकडं ‘हाय’ म्हणतात, एवढंही कळेना यांना? तू असतास तर लोळून हसला असतास. मीही हसलो असतो, हेच जास्त झोंबतं.

आईनं ऐकलं. “गण्या, ह्यो तूच ना? कुनाची वाट बघत हुतास?” मी ताटावरून उठलो.

रूथ म्हणाली, “दादा, तू नुसतं म्हण, तेवढा तुकडा काढते.” मी “काढच” म्हणणार होतो. तर आज सकाळी बिननावाची एक प्रतिक्रिया: “उसासा न्हाई तो. खरंच थांबला हुता. डोक्यावर दप्तर धरून. मी जीपमधून पाहिलं.”

सॅम्या, दप्तराचं मी तुलाही बोललो नव्हतो. आणि त्या दिवशी मी फाट्यावर थांबणार, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

घरच्यांनी तिला अडवलं असेल, असंच आजवर समजत होतो मी. तिनं तर पाहिलं, आणि जीप थांबवली नाही! तुझ्याहून मोठा दगा तिचा. तो कळला मात्र तुझ्या दग्यामुळं. आता तुझ्यावर चिडू तरी किती, सांग ना?

तो तुकडा राहू दे, असं रूथला सांगतो. रविवारी कबरीवर येईन. आधी शिव्या देईन, मग फुलं ठेवीन. आणि त्या फाट्यावर पुन्हा कुणासाठी उभा राहणार नाही. माझ्या देवाची शप्पथ, आणि ही खरी.

तुझाच,
गण्या
हितंच हाय. फाट्यावर न्हाई.