दोन घरच्या गोळ्या

१ एप्रिल, मंगळवार

आई परवा आल्या. पाडवा ते दसरा आमच्याकडं शहरात, पडेगावला, दसरा ते पाडवा गावी पिशोरला थोरल्या दिरांकडं, भाऊंकडं. सासरे गेल्यापासून ही वाटणी. पाडव्याला गावात सालगडी बदलतात, त्याच दिवशी माझ्या सासूचं घर बदलतं. स्वतःच म्हणतात, "मी बी सालगडीच की गं. फकस्त साल ठरवताना मला कुनी इचारत नाय." हसून म्हणतात. मला हसू येत नाही.

चेहरा उतरलाय, पायावर सूज. भाऊंनी सोडलं, चहा घेतला आणि निघाले. बीपीच्या गोळ्या आहेत का विचारलं, तर आईंनी नुसता हात हलवला. त्याचा अर्थ हो की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. ह्यांना म्हटलं, आपल्या डॉक्टरांना दाखवू. हे वाळूजच्या कंपनीची बस गाठायच्या घाईत. "दाखव ना मग," म्हणाले. म्हणजे मीच दाखवायचं.

५ एप्रिल

शाळेच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून आईंना घेऊन गेले. बीपी १७०/१००. डॉक्टरांनी विचारलं, आधी काय चालू आहे? आई छताकडं बघत बसल्या. मीच म्हटलं, गावाकडं काहीतरी चालू होतं, संपलं असेल. बघा, कसं बोलून गेले. संपलं असेल.

नवीन गोळी दिली. एकाच गोळीत तीन औषधं, त्यातलं एक लघवी वाढवणारं. सकाळी एक घ्यायची, दुसरी बीपीची कुठलीच नाही, उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं.

रिक्षात आई म्हणाल्या, "येवढा मोठा डाक्तर, आन् येकच गोळी?"

"त्या एकीत तीन आहेत, आई."

"आन् थोरल्यानं आनलेल्या?"

"त्या संपल्या ना?"

बाहेर बघत बसल्या. मी पण विषय सोडला, दुपारचं ऊन डोक्यात गेलं होतं.

१५ एप्रिल

बीपी एकदम खाली. १२०/७०. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पिशोरला फोन लावून सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "आमच्याकडं मेलं काय केल्या उतरत नव्हतं. तुमचा हात लागला म्हनायचं." टोमणा होता की कौतुक? टोमणाच. पण आज मला तोही गोड लागला.

२२ एप्रिल

ऊन असं की भिंतीला हात लावता येत नाही. आई अर्धी भाकरी ताटात ठेवतात. पाणीही पीत नाहीत, सारखं मोरीवर जावं लागतं म्हणून. दिवसभर गुंगीत. काल मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारली.

"डोळ्याम्होरं अंधारी येती गं."

ताक दिलं, उशाला कांदा ठेवला. हे म्हणाले, म्हातारपण आहे, उन्हाळा आहे. बीपीच्या मशीनचे सेल गेलेत. ह्यांना दोनदा सांगितलं. स्वतः जाऊन आणायला काय झालं होतं मला?

२७ एप्रिल, रविवार

आई पडल्या. सकाळी मोरीतून उठताना. आवाज ऐकून धावले तर कपाळ फुटलेलं, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हत्या. शेजाऱ्यांनी गाडी काढली.

बीपी ९० च्या खाली. रक्तात सोडियम फार कमी. किडनीचा रिपोर्ट वाईट. टाके पडले, त्याचं कुणाला काही वाटेना, सगळे त्या रिपोर्टकडंच बघत होते. डॉक्टर, बाई आहेत, तरुण आहेत, म्हणाल्या, "ह्या एका गोळीनं एवढं होणं अवघड आहे. अजून काय घेतात? घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. संपलेल्या, जुन्या, सगळ्या."

मी जरा तोऱ्यातच म्हटलं, एकच घेतात, मी स्वतः हातावर ठेवते.

२८ एप्रिल

सापडल्या. आईंच्या चंचीत.

सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी, आणि खालच्या कप्प्यात गोळ्या. पाकिटातून कात्रीनं एकेक करून कापलेल्या, एक कड उघडी, नाव एकीवरही पुरतं नाही. दोन प्रकारच्या. रोज सकाळी माझी गोळी माझ्यासमोर गिळायच्या, मग ओट्यावर जाऊन चंची उघडायच्या. मला वाटायचं तंबाखू. आणि तंबाखूवरून मी रोज बडबडायचे. बडबड करायची ती केली, बघायचं ते बघितलं नाही.

पिशोरला फोन केला. जाऊबाईंना रडू फुटलं. "मीच कापून दिल्या वं. त्येन्ला पाकिटातून काढता येत नाय, बोटं वाकडी झाल्यात. सोपं जावं म्हनून."

सोपं जावं म्हणून! कुणाला बोलायचं आता?

२९ एप्रिल

भाऊ गावाकडची पाकिटं घेऊन आले. डॉक्टरबाईंनी ती आमच्या पाकिटाशेजारी ठेवली. "नावं वेगळी आहेत, पण आतलं औषध तेच. तिकडच्या दोन गोळ्यांत जे आहे, ते इकडच्या एकीत आहेच, वर लघवीचं औषध. म्हणजे तेच औषध दुप्पट जात होतं. त्यात ऊन, त्यात पाणी कमी."

हे आणि भाऊ दोघं शाळेतल्या पोरांसारखे उभे. मीही.

किडनी सुधारेल का, विचारलं. "वयाच्या मानानं सांगता येत नाही. बघू." बघू हा शब्द मला आता सहन होत नाही.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

घरी पुरण नाही, काही नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघा भावांची जुंपली.

"तुझ्या घरी पडली ती."

"तुमच्या गोळ्यांनी पडली."

"मंग तवाच फोन करून इचारायचं व्हतं!"

"तुम्ही सांगायचं होतं!"

दार उघडं होतं. आईंनी सगळं ऐकलं. मी आत गेले, तर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. आज जरा भानावर होत्या. राग आला होता मला, लपवणार नाही. विचारलंच, "आई, का घेत होतात दोन्ही? डॉक्टरांनी नको म्हटलं होतं ना?"

तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाल्या, "धाकल्याची न्हाई घेतली तर त्येला वाईट वाटंल. थोरल्याची टाकली तर म्हनंल, शहरात गेली आन् माझं औशीद नकोसं झालं. दोघं बी माझेच हायेत. कुनाचं मन मोडू?"

राग जागच्या जागी विरला. बाहेर येऊन दोघांना सांगितलं. भाऊ खाली बसले, चपला काढून, देवळात बसतात तसे. हे पाणी आणायला म्हणून गेले ते बऱ्याच वेळानं आले, पाणी न आणताच.

६ मे

घरी आणलं. सोडियम सावरलं, माणसं ओळखतात. किडनीचा आकडा थोडा उतरला, पण थोडाच. सगळ्या बीपीच्या गोळ्या सध्या बंद, रोज मोजायचं, वाढलं की कळवायचं. मशीनला सेल घातले. आता घातले.

ह्यांनी दोन्ही पाकिटं उचलून कचऱ्यात टाकली. "परत गोळी नको ह्या घरात." मी काढून डॉक्टरबाईंना विचारून टाकू म्हणून बाजूला ठेवली. ह्यांचा राग गोळ्यांवर नाही, कुणावर आहे ते त्यांनाही माहीत आहे.

११ मे

सकाळी १८०/१००. डोकं दुखतंय म्हणाल्या. हे तरीही, "दोन दिवस बघू." मी ऐकलं नाही, फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, बंद करून भागणार नाही, इतकं बीपी किडनीला आणखी खाईल. आता साधी एकाच औषधाची गोळी, कमी ताकदीची. घरात दुसरी एकही ठेवायची नाही, पाकीट कापायचं नाही, आणि गुडघ्याला म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नाही.

जास्त झालं तरी मरण, कमी झालं तरी मरण. माणसानं कुठं धरून उभं राहायचं?

१३ मे

भाऊ आले. आईंना आत्ताच पिशोरला न्यायचं म्हणतात, मळ्यात गार असतं. हे म्हणतात दसऱ्याशिवाय नाही. आज भांडण नाही झालं. नुसते समोरासमोर बसून राहिले. भांडले असते तर बरं, असं वाटलं.

आईंना कुणी विचारलं नाही. मी विचारलं. म्हणाल्या, "जिकडं दवाखाना जवळ तिकडं. तुमाला तरास नको." हे काही त्यांच्या मनातलं उत्तर नव्हे.

१६ मे

उद्या रक्त तपासायचं आहे. किडनी परत येते की अशीच राहते, ते बहुतेक उद्या कळेल. भाऊ मुक्कामाला थांबलेत.

आज सकाळी ओट्यावर गोळी आईंच्या हातावर ठेवली. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला भाऊ. आईंनी गोळी घेतली नाही. आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग भाऊंकडं.

"ही कुनाची?"

दोघांनीही खाली बघितलं. मीच म्हटलं, "तुमची, आई."

"माझी व्हय?"

"तुमचीच."

तळहात डोळ्यांजवळ नेऊन गोळी बघत राहिल्या. साड्या दोन्ही घरच्या, अंथरूण दोन्ही घरचं. आपलं म्हणून हातावर कधी काय पडलं असेल त्यांच्या?

मी पाण्याचा पेला पुढं धरला होता. "हातात ठिवते जरा," म्हणाल्या, आणि मूठ मिटली. मी पेला तसाच धरून उभी राहिले.